कर्ता माणूस गेला, हप्ते राहिले. हक्काचे पैसे आणि मोफत सल्ला कुठे मिळतो?

रानजाई
नमस्कार मंडळी. माझ्या मावसबहिणीचे यजमान मागच्या महिन्यात हार्ट अटॅकने गेले. वय ३९. गवंडीकाम करायचे. घरात सासूबाई, ११ वर्षांची मुलगी, ७ वर्षांचा मुलगा. २० गुंठे कोरडवाहू जमीन आहे, ताई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाते.

दिवसकार्य होईपर्यंत कोणी काही बोललं नाही. चौदाव्या दिवशी सकाळी पावणेआठला गटाचे साहेब दारात. दोन मायक्रोफायनान्स कंपन्यांची कर्जं आहेत, एक ४५ हजारांचं, एक ३० हजारांचं. दोन्हींचे मिळून पंधरवड्याला १,८४० रुपये जातात. पतसंस्थेत दोन तोळे सोनं गहाण आहे, त्यावर ७० हजार. आणि गावातल्याच एका माणसाकडून तीन रुपये शेकड्याने एक लाख घेतलेत. त्याने स्टॅम्पवर जमिनीचं साठेखत, म्हणजे जमीन विकायचा करार, करून घेतलाय.

गटातल्या बायका वाईट नाहीत, पण एकीचा हप्ता चुकला की सगळ्यांना बसवून ठेवतात, म्हणून त्याही तिच्यामागे लागल्यात. आता तिसऱ्या कंपनीचे साहेब म्हणतात, आम्ही ६० हजार देतो, जुनी देणी भागवा. ताई सही करायला तयार झाली होती. मी दोन दिवस थांब म्हटलंय. सगळे कागद तिने रेशनच्या पिशवीत घालून माझ्याकडे दिलेत. सुरुवात कुठून करू? मला यातलं काही कळत नाही. कृपया सांगा.

चाफा
फार वाईट वाटलं वाचून. एकच सांगते, ती तिसरी सही होऊ देऊ नका. माझ्या वहिनीने दोन कर्जं फेडायला तिसरं घेतलं आणि तिसरं फेडायला चौथं. बाकी जाणकार सांगतीलच.

खातेवही
ताई, मी ३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची अकरा ग्रामीण शाखांमध्ये. सुरुवात पासबुकापासून करा. यजमानांची जितकी बँक खाती असतील तितकी सगळी पासबुकं उद्याच्या उद्या भरून आणा. मशिनवर निदान तीन वर्षांच्या नोंदी छापून घ्या.

मग दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला ४३६ रुपये कापलेत का ते बघा. तशी नोंद असेल तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेची. मरण कोणत्याही कारणाने येवो, वारसाला २ लाख मिळतात. हा हप्ता २०२२ च्या जूनपर्यंत ३३० होता, म्हणून जुन्या पानांवर ३३० दिसेल. शेजारीच २० रुपयांची नोंद सापडेल कदाचित (पूर्वी १२). ती सुरक्षा विम्याची, आणि ती फक्त अपघाताला लागू, त्यामुळे तुमच्या बाबतीत उपयोगाची नाही. या दोन्ही योजना २०१५ च्या मे महिन्यात आल्या. जनधन खातं उघडताना शाखेत लोकांकडून फॉर्मवर सह्या घेतल्या जायच्या, आणि घरी कोणाला पत्ताही नसायचा की आपला विमा आहे. माझ्या टेबलासमोर बसलेल्या किती बायकांना मी त्या नोंदीवर बोट ठेवून दाखवलंय! वर्षानुवर्षं पैसे कापले गेलेत आणि क्लेम मात्र कोणी केलाच नाही, हे मला अजून सलतं.

दुसरी गोष्ट गटाच्या कर्जांची. कर्ज देतानाच विम्याचे पैसे कापून उरलेली रक्कम हातात दिलेली असते. बऱ्याच कंपन्यांच्या विम्यात कर्जदार बाई आणि तिचा नवरा दोघेही असतात. दोघांपैकी कोणीही गेलं तर शिल्लक कर्ज विम्यातून भागतं. कंपनीने दिलेलं लोन कार्ड काढा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असायला हवं आणि त्यावर व्याज, फी, विमा सगळं लिहिलेलं हवं. विमा कोणाकोणाचा आहे ते वाचा, दोन्ही कंपन्यांना मृत्यूचा दाखला जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. साहेबाला तोंडी सांगितलेलं कुठेच नोंदलं जात नाही.

रानजाई
खातेवही काका, खूप खूप आभार. लोन कार्डं आहेत पिशवीत. उद्या बँकेत जाते.

दप्तरदार
मी महसूल खात्यातून निवृत्त. तहसीलच्या संजय गांधी शाखेत सात वर्षे काम केले आहे, त्यामुळे त्या टेबलापुरते खात्रीने सांगतो.

भगिनींसाठी दोन अर्ज एकाच वेळी करावेत. पहिला राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील कमावती व्यक्ती ५९ वर्षांपर्यंतच्या वयात वारल्यास कुटुंबाला एकरकमी २० हजार मिळतात. हा अर्ज लोक विसरतात, कारण दरमहाच्या पैशावर सगळ्यांचे लक्ष असते. दुसरा संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा. विधवा भगिनी त्यात बसतात. महिन्याला १,५०० रुपये. त्यासाठी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवे, नाहीतर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला.

२१ हजार म्हणजे महिन्याला १,७५०. खुरपणीला जाणारी कोणतीही बाई हंगामात याहून अधिक कमावते. सात वर्षे मी ते अर्ज हाताळले. पात्र असूनही कागदावर अपात्र ठरलेल्या बायकांची तोंडे मला आठवतात. ही मर्यादा वाढायलाच हवी, हे मी नोकरीत असतानाही वरिष्ठांना लिहून दिले होते. म्हणून आधी ग्रामपंचायतीत जाऊन दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव आहे का, ते पाहा. नाव असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याचा प्रश्नच उरत नाही.

कागद सांगतो: मृत्यूचा दाखला, रहिवासी दाखला, वयाचा पुरावा, रेशनकार्ड, आधार, आणि आधार जोडलेल्या खात्याचे पासबुक. अर्ज सेतू केंद्रात किंवा थेट तहसीलला. तलाठी चौकशी करतात, मग तालुका समितीपुढे प्रकरण जाते. वेळ लागतो, पण पावती क्रमांक हातात असला की विचारता येते. मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नये. 'समितीत आपला माणूस आहे' असे सांगणारा प्रत्येक तालुक्यात भेटतो.

एक सावधगिरी. भगिनींना लाडकी बहीण योजनेचे १,५०० मिळत असतील तर संजय गांधी मंजूर झाल्यावर ते बंद होतील. दोन्ही एकत्र मिळत नाहीत. तरी संजय गांधीचा अर्ज करावा असे माझे मत. लाडकी बहीण २१ ते ६५ वयापर्यंतच आहे, आणि निराधार म्हणून नोंद झाली की पुढे ६५ नंतर श्रावणबाळ योजनेकडे जाणे सोपे जाते.

सासूबाईंचे वय किती?

रानजाई
सासूबाई ६८ च्या. लाडकी बहीण ताईला मिळतंय, हो.

दप्तरदार
मग सासूबाईंसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेचा अर्ज त्याच दिवशी भरा. ६५ पूर्ण झालेल्यांना आहे, रक्कम तीच, १,५००. मुलगा असताना अर्ज करायला त्यांना संकोच वाटला असेल. अनेक घरांत असेच होते.

खडू
मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. इथे कोणी बालसंगोपन लिहिलं नाही म्हणून घाईने लिहितोय.

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. आई किंवा वडील, दोघांपैकी एकच हयात असलेल्या मुलांना लागू आहे. एका मुलामागे महिन्याला २,२५०, वयाची १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत. रानजाईताई, तुमच्या ताईच्या दोन मुलांचे ४,५०० होतात. दरमहाच्या बाकी योजनांपेक्षा ही रक्कम मोठी आहे आणि गावात हिची माहिती सगळ्यात कमी. अर्ज तहसीलला करायचा नाही, जिल्ह्याच्या महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करायचा. मंजुरी बालकल्याण समिती देते, त्यासाठी मुलांना घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागतं.

माझ्या वर्गातल्या एका मुलीचा अर्ज मीच भरला होता. तिची आई ऊसतोडीला जायची तेव्हा मुलगी वर्षातले पाच महिने गैरहजर असायची. पैसे वेळेवर येतात असं मी म्हणणार नाही, कधी चार-पाच महिन्यांचे एकदम येतात. पण त्या वर्षी ती आजीजवळ राहिली, पूर्ण वर्ष शाळेत आली. मुख्याध्यापकांकडून दोन्ही मुलांचे बोनाफाईड आजच मागून ठेवा, शाळा अडवणार नाही.

काळा_डगला
वकील आहे, तालुका विधी सेवा समितीच्या पॅनेलवर काम करते. कर्जांबद्दल सुट्टं सुट्टं सांगते, कारण प्रत्येक प्रकारच्या कर्जाचा कायदा वेगळा आहे.

आधी मूळ मुद्दा. नवऱ्याने एकट्याने घेतलेलं कर्ज बायकोच्या अंगावर आपोआप पडत नाही. वारसाकडून वसुली होते ती मृताच्या मागे राहिलेल्या मालमत्तेपुरती, तिच्या मजुरीतून किंवा माहेरच्या दागिन्यांतून नाही. मुलांचंही तेच. वडिलांचं कर्ज फेडणं हे मुलाचं धार्मिक कर्तव्य म्हणून त्याच्यावर लादण्याची जुनी सोय २००५ च्या हिंदू वारसा कायद्याच्या दुरुस्तीने संपवली. पण गटाच्या कर्जात कर्जदार सहसा बाईच असते. कार्डावर कर्जदार म्हणून ताईचं नाव असेल तर ते देणं तिचं आहे. तिथे विमा हाच मार्ग.

आता ते साठेखत, आणि यासाठीच मी लिहायला बसले. ज्याने पैसे दिले त्याच्याकडे सावकारीचा परवाना आहे का? महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय हा धंदा करणं गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. परवाना असला तरी शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२ टक्के, याच्यावर व्याज घेता येत नाही. तीन रुपये शेकडा म्हणजे वर्षाला ३६ टक्के. चक्रवाढ लावता येत नाही, आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज कधीच वसूल करता येत नाही. कर्ज देताना परवाना नव्हता अशा सावकाराला कोर्ट वसुलीचा हुकूमनामा देत नाही.

जमिनीचं म्हणाल तर, सावकारीच्या व्यवहारात तारण म्हणून लिहून घेतलेलं खरेदीखत किंवा साठेखत गेल्या १५ वर्षांतलं असेल, तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे अर्ज करता येतो. चौकशीत व्यवहार सावकारीचा ठरला तर ते दस्त रद्द ठरवून जमीन परत देण्याचा आदेश त्यांना देता येतो. तालुक्याला सहायक निबंधकांचं कार्यालय असतं, अर्ज तिथेही घेतात. आजवर किती व्याज दिलं त्याचा काही पुरावा आहे का? वहीतल्या नोंदी, फोन पे, काहीही.

आणि ताईला वकिलाची फी द्यावी लागणार नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ खाली कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. तालुका कोर्टाच्या आवारातच समितीचं ऑफिस आहे. फोन करायचा असेल तर १५१००. आणखी एक, लोकअदालतीची नोटीस आली तर जरूर जा, पण वकिलाशी बोलल्याशिवाय तडजोडीवर सही करू नका. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं.

सरळरेष
सगळ्यांचा मदतीचा हेतू चांगला आहे, पण मला एक प्रामाणिकपणे विचारायचंय. पैसे घेताना कोणी बळजबरी केली नव्हती ना? कर्ज घ्यायचं, मग नियम शोधायचे, आणि वर सरकारी अनुदान. यात आमच्यासारख्या वेळेवर हप्ते भरणाऱ्यांनी काय समजायचं?

रानजाई
दादा, राग नाही आला, पण वाईट वाटलं. ताईने एकदाही फेडणार नाही म्हटलेलं नाही. नवरा गेल्यावर पंधराव्या दिवशी ती खुरपणीला गेली ती हप्त्यासाठी. विम्याचे पैसे तिच्याच कर्जातून कापलेत. ते मागणं म्हणजे बुडवणं कसं?

दप्तरदार
सरळरेष, मी आयुष्यभर सरकारी दप्तरात बसलो. अनुदान ही कोणाची मेहेरबानी नाही, विधिमंडळात मंजूर झालेला खर्च आहे, आणि ज्याच्यासाठी मंजूर झाला त्याच्यापर्यंत तो पोहोचला नाही तर ती आमची चूक असते. वेळेवर हप्ते भरणाऱ्या घरातला कर्ता माणूस उद्या गेला तर हेच टेबल त्याच्या बायकोसाठीही आहे.

सरळरेष
कळलं. ताईंना दुखवायचा हेतू नव्हता. विम्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

रानजाई
मंडळी, आज बँकेत गेलो होतो. ताई, सासूबाई आणि मी. पासबुक मशिनमध्ये घातलं, दोन पानं भरली, तिसऱ्या पानाच्या मधोमध ४३६.०० दिसलं. त्याच्या वर्षभर आधीचंही, त्याच्याही आधीचं. ताईने त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "मला वाटायचं बँक काहीतरी चार्ज लावते."

वारस म्हणून सासूबाईंचं नाव निघालं. खातं लग्नाआधीचं. ताईचा चेहरा पडला होता, पण सासूबाईच काउंटरवर पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "पैसे सुनेच्या खात्यात टाकायचे, मी सही देते." साहेबांनी सांगितलं की क्लेम वारसाच्याच खात्यात येईल, नंतर तुम्ही द्या. ठीक आहे. पण ते असंही म्हणाले की ३० दिवस उलटून गेलेत, आता अवघड आहे. आज ३६ वा दिवस आहे. काका, आता काय करायचं?

खातेवही
काही होत नाही. ३० दिवसांत द्यावा हे 'शक्यतो' आहे. क्लेम फॉर्म, मृत्यूचा दाखला, वारसाचं आधार, पासबुकाची किंवा रद्द चेकची प्रत, एवढं घेऊन जा आणि फॉर्म द्याच. घेत नाहीत असं झालं तर शाखाधिकाऱ्यांना नम्रपणे म्हणा, नाकारण्याचं कारण फॉर्मवर लिहून सही करून द्या. माझ्या अनुभवात नकार कोणी लिहून देत नाही, फॉर्म घेतात. तरीही अडलं तर बँकेच्याच तक्रार विभागात लेखी तक्रार, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. २०२१ पासून बँका आणि फायनान्स कंपन्या मिळून एकच योजना आहे. तक्रार फुकट, ऑनलाइन करता येते, माहितीसाठी १४४४८ वर मराठीतही बोलतात.

पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेखाली येत नाही. ती सहकार खात्याखाली, म्हणजे तिची तक्रार सहायक निबंधकांकडे. नावात बँकेसारखं काही असलं तरी फसू नका. सोन्यासाठी पतसंस्थेत जाऊन एवढंच करा: लेखी पत्र द्या की कर्जदार वारले आहेत, लिलावाआधी वारसांना नोटीस मिळावी, आणि व्याज भरून मुदत वाढवून मिळेल का. हाती थोडे पैसे असतील तर पहिल्यांदा इथे भरा. सोनं एकदा लिलावात गेलं की परत येत नाही.

आणि त्या पावणेआठच्या साहेबांबद्दल. मायक्रोफायनान्सच्या कर्जात सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन करणंसुद्धा बसत नाही. हप्ता ठरलेल्या जागीच घ्यायचा. बाई तिथे लागोपाठ दोनदा आली नाही तरच घरी जाता येतं. घरच्यांना धमकावणं, चारचौघांत नाव घेणं, सगळं मना आहे. साहेब त्याच्या टार्गेटखाली असतो, त्याच्याशी भांडू नका, ही वाक्यं शांतपणे सांगा आणि तारीख-वेळ वहीत लिहून ठेवा. लोन कार्डावर कंपनीचा तक्रार नंबर छापलेला असतो, तिथे फोन करून तक्रार क्रमांक घ्या.

उंबरठा
मी उमेदमध्ये, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात, गावपातळीवर काम करते. एक गोष्ट लोक नेहमी गल्लत करतात. गट म्हटलं की दोन वेगळ्या गोष्टी असतात. कंपनीचा गट म्हणजे फक्त एकमेकींच्या हप्त्याची हमी. उमेदचा किंवा माविमचा (महिला आर्थिक विकास महामंडळाचा) बचत गट म्हणजे बायकांची स्वतःची बचत, स्वतःचं इतिवृत्त, आणि बँकेचं कर्ज ३ लाखांपर्यंत ७ टक्क्यांनी. ताई कोणत्या बचत गटात आहे का? असेल तर त्या गटातून छोटी रक्कम मिळू शकते, तिसऱ्या कंपनीकडे जायची गरज नाही. नसेल तर गावच्या सीआरपी ताईला, म्हणजे उमेदचे बचत गट बघणाऱ्या ताईला, भेटा.

अजून एक फुकटचं ठिकाण सांगते. रिझर्व्ह बँकेच्या मदतीने तालुक्यांमध्ये आर्थिक साक्षरता केंद्रं चालतात. आमच्याकडच्या केंद्रातली मुलगी गावात येऊन बसते, बायकांचे कागद बघते, कोणतं कर्ज आधी कोणतं नंतर ते वहीत मांडून देते. काही विकत नाही, म्हणून तिच्यावर विश्वास बसतो. तुमच्या तालुक्यात कुठे आहे ते जिल्ह्याच्या अग्रणी बँकेत विचारलं की सांगतात. "तुमचं सिबिल साफ करून देतो, पाच हजार द्या" म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. सिबिलचा अहवाल, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद, वर्षातून एकदा फुकट मिळतो, ताईचा तो काढून बघा.

नांगरट
गवंडी होते म्हणलात ना ताई? बांधकाम कामगाराची पेटी नाहीतर भांडी घेतली होती का त्यांनी? घेतली असली म्हंजी मंडळात नाव हाय. नोंदीत कामगाराला नैसर्गिक मरण आलं तरी वारसाला २ लाख, आन बायकोला वर्षाला २४ हजार, पाच वर्षं. आमच्या भावकीत मिळालंय.

रानजाई
भांडी आहेत हो! स्टीलचा अख्खा संच माळ्यावर आहे. कार्डही सापडलं पिशवीत. पण त्याची मुदत तीन महिन्यांपूर्वी संपलीय, नूतनीकरण राहिलं.

नांगरट
मुदतीचं अवघड हाय, खोटं कशाला बोलू. पर हितं बसून ठरवू नका. जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात कार्ड घेऊन जा, अर्ज द्या, नाही म्हणाले तर लिहून घ्या. आमच्याकडं एजंट निम्मे पैसे मागत होता, आम्ही त्याला दारात उभं केलं नाही.

काळा_डगला
नकार लेखी मिळाला तर माझ्याकडचा मुद्दा आहे, समितीतर्फे दाद मागता येईल. रेशनकार्डाचंही बघा, यजमानांचं नाव कमी करताना अंत्योदयसाठी अर्ज द्या. विधवा कुटुंबप्रमुख असलेल्या घरांना त्यात प्राधान्य आहे, आणि अंत्योदयला माणशी हिशोब नसतो, घरामागे ३५ किलो धान्य मिळतं.

रानजाई
दोन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा.

पहिल्या कंपनीच्या विम्यात नवरा-बायको दोघांची नावं निघाली. त्यांनी अर्ज घेतला, शिल्लक ३१ हजार विम्यातून वळते होतील असं लेखी दिलं, आणि तोवर हप्ता मागणार नाहीत. दुसऱ्या कंपनीच्या विम्यात फक्त ताईचं नाव आहे, तो हप्ता चालू राहणार. ७४० रुपये. एवढा ती भरू शकते. बँकेने जीवन ज्योतीचा क्लेम घेतला, पोच मिळाली. पतसंस्थेने व्याज घेऊन सहा महिने वाढवून दिले. संजय गांधी, श्रावणबाळ आणि कुटुंब लाभ तिन्ही अर्ज सेतूत भरले, दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव सापडलं. बोनाफाईड मिळाले, बालसंगोपनसाठी पुढच्या मंगळवारी मुलांना घेऊन जिल्ह्याला जायचंय. बांधकाम मंडळाचं अजून काही नाही.

साठेखताचा अर्ज डगलाताईंनी सांगितल्याप्रमाणे समितीच्या वकिलांनी लिहून दिला. भाऊजींनी एका दिनदर्शिकेच्या मागे दर महिन्याला ३,००० दिल्याची नोंद केलेली सापडली, दोन वर्षांचे ७२ हजार. प्रत्येक नोंदीपुढे त्या माणसाची आद्याक्षरं, त्याच्याच हातची. सहायक निबंधकांच्या ऑफिसात ती दिनदर्शिका ताईने स्वतः टेबलावर ठेवली. अर्ज दिल्याचं गावात कळलं तसं तो माणूस भेटायला आला होता, "आपण आपसात बघू" म्हणत. ताईने सांगितलं, जे बोलायचं ते ऑफिसात.

तिसऱ्या कंपनीला तिने नाही म्हणून कळवलं.

एकच अडचण राहिलीय. सासूबाईंच्या बोटांचे ठसे आधारच्या मशिनवर उठतच नाहीत, आयुष्य भांडी घासण्यात आणि शेणात गेलं. श्रावणबाळचे पैसे त्यामुळे अडकतील का?

दप्तरदार
अडकू नयेत. आधार केंद्रावर डोळ्यांच्या बुबुळावरूनही ओळख पटते. त्यांना घेऊन जाण्याआधी फोन करून ते यंत्र चालू आहे का विचारा, नाहीतर म्हातारीची एक खेप फुकट जाईल. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले असेल तर तेही तिथल्या माणसाला आधी सांगा.

रानजाई
उजव्या डोळ्याचं झालंय. सांगते. उद्या सकाळीच फोन करते केंद्रावर.